सेडान घेताना तुलना कशाची?

मध्यमवर्गीय कुटुंबात नव्या मोटारीचा विषय निघाला की प्रत्येकाच्या हाती वेगळी मोजपट्टी येते. मुलाला इंजिनाची अश्वशक्ती पाठ असते, मुलगी सुरक्षा-चाचणीतील तारे मोजते, आजोबांना गाडीत फार वाकून बसावे लागणार नाही ना याची काळजी असते आणि ज्या व्यक्तीच्या खात्यातून पैसे जाणार असतात ती बहुधा एकच प्रश्न विचारते : हप्ता किती बसेल? या चारही मोजपट्ट्यांत शेवटची सर्वांत सोपी वाटते, आणि फसवणूकही तीच सर्वांत अधिक करते. मध्यम आकाराच्या सेडानची निवड करताना होणारी बहुतेक चूक गाड्यांची तुलना कमी केल्याने होत नाही. जे तोलायला हवे ते सोडून भलतेच तोलल्याने होते.

तुलना करण्याचे हे भाग्यही भारतीय ग्राहकाच्या वाट्याला तसे उशिराच आले. अनेक दशके निवड होती ती उत्तरपाड्याची अँबॅसडर की कुर्ल्याची फियाट, पुढे तिचेच नाव झालेली पद्मिनी, एवढीच. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. प्रतीक्षायादीत असलेला माणूस तुलना करीत नसतो. १९९० च्या दशकात उदारीकरणाचे वारे आले. एस्टीम, सिएलो, एस्कॉर्ट, ॲस्ट्रा अशी नावे रस्त्यावर दिसू लागली आणि १९९८ मध्ये आलेल्या होंडा सिटीने मध्यम आकाराची सेडान म्हणजे नोकरीत स्थिरावलेल्या कुटुंबाची गाडी अशी एक प्रतिमा रुजवली. पुढे ॲक्सेंट, वेर्ना, व्हेंटो, रॅपिड, सियाझ अशी रांग लागली. त्यांतील अनेक आज बाजारात नाहीत. सियाझ २०२५ मध्ये बंद झाली. उंच बांध्याच्या एसयूव्हींनी रस्ता व्यापला आणि शोरूममध्ये सेडान मागच्या कोपऱ्यात गेली. ग्राहकाच्या दृष्टीने ही वाईट बातमी नाही. गर्दी जिकडे असते तिकडे भाव कमी होत नाहीत; मागच्या कोपऱ्यातील गाडीवर विक्रेता मोकळेपणाने बोलतो.

आजमितीस या वर्गात मुख्यतः चार गाड्यांची तुलना होते : होंडा सिटी, ह्युंदाई वेर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस. यांपैकी शेवटच्या दोन पुण्याजवळ चाकणच्या एकाच कारखान्यातून, एकाच पायावर बांधल्या जाऊन बाहेर पडतात. माहितीपत्रके शेजारी ठेवून पाहिली तर गंमत वाटते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर सिटीत २,६०० मिलिमीटर, स्लाव्हिया व व्हर्टसमध्ये २,६५१, वेर्नात २,६७०. डिकी अनुक्रमे ५०६, ५२१ आणि ५२८ लिटरची. म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान डिकीत फरक आहे तो घरी येणाऱ्या वीस लिटरच्या पाण्याच्या जारएवढा. इंजिनांचे आकडेही १,४९८, १,४९७, १,४८२ असे पंधराशेच्या उंबऱ्याशी येऊन थांबतात. हा योगायोग नव्हे. २०२५ पर्यंतच्या उपकराच्या रचनेत पंधराशे सीसी ओलांडली की कर वाढत असे, आणि तृतीय पक्ष विम्याचे टप्पेही हजार व पंधराशे सीसीवर बदलतात. गाड्या एकमेकींसारख्या झाल्या त्या बऱ्याच अंशी अर्थखात्यामुळे. अशा स्थितीत कोणाची डिकी दोन बोटे मोठी यावर रविवार घालवण्यात अर्थ नाही.

त्याऐवजी पहिली तुलना या वर्गाच्या बाहेर करावी. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले आणि लहान मोटार म्हणजे चार मीटरच्या आतली, पेट्रोल इंजिन बाराशे सीसीपर्यंतची, अशी व्याख्या रूढ झाली. त्यातूनच शेपटी आखडलेल्या छोट्या सेडान जन्माला आल्या. २०१२ ची डिझायर ३,९९५ मिलिमीटरवर थांबली ती याच कारणाने. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले, परंतु भिंत तीच राहिली : चार मीटरच्या आतील लहान मोटारीला १८ टक्के, त्यापलीकडे ४० टक्के. पूर्वी मध्यम सेडानवर उपकरासह ४५ टक्के कर होता, तेव्हा थोडा दिलासा मिळाला हे खरे. तरीही करापूर्वी दहा लाख रुपये किंमत असलेली गाडी भिंतीच्या अलीकडे असेल तर ११ लाख ८० हजारांना पडते आणि पलीकडे असेल तर १४ लाखांना. वरचे २ लाख २० हजार रुपये गाडीत कोठेही बसवलेले नसतात. शिवाय राज्याचा रस्ताकर या वाढीव किमतीवर आकारला जातो; महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के, कर्नाटकात त्याहून चढा.

मग चार माणसांच्या कुटुंबाने मध्यम सेडान घ्यावीच कशाला? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ज्याच्यापाशी असेल त्यानेच पुढची तुलना करावी. उत्तर बहुधा मागच्या आसनावर सापडते. बडोद्यात किंवा इंदूरमध्ये स्थायिक झालेले मराठी कुटुंब वर्षातून दोनदा कोल्हापूरकडे किंवा कोकणाकडे निघते. आजी, दोन नातवंडे, फराळाचे डबे आणि परतताना तांदळाचे पोते. हा प्रवास दहा-बारा तासांचा असतो. चार मीटरची गाडी तो करीत नाही असे नाही, पण डिझायरच्या ३८२ लिटर डिकीत आणि २,४५० मिलिमीटरच्या बांध्यात तो कसा होतो हे मागे मधोमध बसणाऱ्यालाच विचारावे. उलट ज्या कुटुंबाचा असा प्रवास रेल्वेने होतो आणि मोटार केवळ कार्यालय, शाळा व भाजीबाजार यांपुरती, त्याने चाळीस टक्क्यांच्या भिंतीपलीकडे जाण्याचे कारण नाही. पलीकडे जावेसे वाटते ते शेजाऱ्यामुळे की गरजेमुळे, एवढे घरात उघडपणे बोलले जावे.

मागच्या आसनाची परीक्षा शोरूममध्ये रिकाम्या गाडीत एकट्याने बसून होत नाही. चाचणी फेरीला सारे घर न्यावे. विक्रेत्याला ते फारसे आवडत नाही, तरी न्यावे. सेडानचे आसन जमिनीलगत असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना बसणे जमते, उतरणे जमत नाही. आजीला दोनदा उतरवून पाहिले की माहितीपत्रकातील दहा पाने मिटतात. पाच माणसे आणि सामान भरल्यावर घराजवळच्या गतिरोधकावर गाडीचे पोट घासते का, हेही तेव्हाच कळते. स्लाव्हिया आणि व्हर्टस यांची जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर आणि सिटीची १६५ सांगितली जाते, पण हे आकडे गाडी रिकामी असतानाचे की भरलेली असतानाचे हे विचारल्याशिवाय त्यांची तुलना निरर्थक आहे. छत उताराचे असल्याने उंच माणसाचे डोके मागे कोठे टेकते तेही पाहावे.

त्याच आसनाचा दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी या लेखातील गाड्यांहून कितीतरी महाग होती. पुढच्या आसनांवरील दोघे जखमी होऊन वाचले. मागील आसनांवरील दोघे दगावले, आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता असे पोलीस तपासात सांगण्यात आले. मागे बसणाऱ्यालाही पट्टा बांधणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे, न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे, आणि तरीही भारतीय कुटुंबात तो पट्टा बहुतेक वेळा आसनाच्या फटीत गाडलेला असतो. गाडी निवडताना म्हणूनच पाहायचे ते हे : मधल्या प्रवाशालाही खांद्यावरून जाणारा पूर्ण पट्टा आहे का, त्याला डोक्याचा आधार आहे का, लहान मुलाचे आसन अडकवण्यासाठी आयसोफिक्सची कडी कोठे आहे. एप्रिल २०२३ मध्ये स्लाव्हिया व व्हर्टस यांना आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेर्नाला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ व बालक या दोन्ही प्रवाशांसाठी पाच तारे मिळाले. त्याच महिन्यापासून भारत एनकॅप ही देशी चाचणीही सुरू झाली. ताऱ्यांवर न थांबता अहवाल उघडून वाचावा. तारे सारखे असूनही एका गाडीच्या सांगाड्यावर स्थिर आणि दुसरीच्या सांगाड्यावर अस्थिर असा शेरा असू शकतो, आणि या वर्गात तसे घडले आहे. तारा जाहिरातीत छापला जातो, शेरा छापला जात नाही.

इंजिनाविषयी थोडक्यात. डिझेलचा प्रश्न या वर्गापुरता मिटला आहे. एप्रिल २०२३ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचे निकष आले आणि सिटी व वेर्ना या दोघींनीही डिझेलला निरोप दिला. उरलेली निवड साधे पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि हायब्रिड यांत आहे. टर्बो इंजिन घाटात सुखावते आणि शहरात खिसा हलका करते. गीअर आपोआप बदलणारी गाडी हवी असेल आणि रोजचा रस्ता मुंबई, पुणे किंवा बंगळूरमधील रांगणाऱ्या वाहतुकीतून जाणारा असेल, तर दुहेरी क्लचच्या चपळ पेटीपेक्षा सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर अधिक सोशिक ठरतो. चपळाईची किंमत वॉरंटी संपल्यानंतर कळते. पैशांचा हिशोब सोपा आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरमागे १२ ऐवजी १६ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर वर्षाला २६,२५० रुपये वाचतात, सात वर्षांत १ लाख ८३ हजारांहून अधिक. हायब्रिडचा मोह मात्र हिशोबावर घासून घ्यावा. होंडाची हायब्रिड सिटी कागदोपत्री लिटरमागे २७ किलोमीटरच्या आसपास जाते. रोजच्या वापरात २० मिळाले असे धरले तर १६ देणाऱ्या गाडीपेक्षा त्याच १२,००० किलोमीटरमागे वर्षाला १५,७५० रुपये वाचतील. किमतीतील फरक तीन लाखांचा असेल तर तो भरून निघायला एकोणीस वर्षे लागतील. वर्षाला २५,००० किलोमीटर धावणाऱ्यासाठी हाच काळ नऊ वर्षांवर येतो. आणि बॅटरीने डिकीतील सुमारे दोनशे लिटर जागा खाल्लेली असते, तेव्हा तांदळाचे पोते कोठे ठेवायचे हा प्रश्न राहतोच.

किमतीच्या बाबतीत शोरूमच्या दारावरील आकडा लक्षात ठेवू नये. त्यात नोंदणी, रस्ताकर, विमा यांची भर पडते. दहा लाखांवरील मोटारीवर विक्रेता एक टक्का कर उगमाशी गोळा करतो. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण कित्येकांच्या तो ध्यानातही राहत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. दोन ठिकाणचे दर मागवले की विक्रेत्याचा दरही खाली येतो. एकाच गाडीच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या प्रकारात काही लाखांचे अंतर असते. ते बरेचसे मोठ्या पडद्यात, थंड हवा फेकणाऱ्या आसनात आणि छतावरच्या काचेत जाते. सुरक्षेच्या गोष्टी खालच्या प्रकारातही मिळत असतील तर मधला प्रकार हाच शहाण्या खरेदीचा प्रकार. पडदा पाच वर्षांत जुना होतो. जुनी गाडी विकताना त्याचे कोणी वेगळे पैसे देत नाही.

आता हप्त्याकडे वळावे. सोळा लाखांची गाडी, चार लाख स्वतःचे आणि बारा लाखांचे कर्ज, व्याज नऊ टक्के, घटत्या शिलकीवर, असे उदाहरण घेतले तर पाच वर्षांसाठी मासिक हप्ता २४,९१० रुपये येतो आणि सात वर्षांसाठी १९,३०७. साडेपाच हजारांचा हा फरक पाहून बहुतेकांचा हात सात वर्षांकडे जातो. एकूण व्याज पाहिले तर पहिल्या प्रकारात ते सुमारे २ लाख ९५ हजार आहे आणि दुसऱ्यात ४ लाख २२ हजार. परंतु यापेक्षाही बोलका आकडा निराळा आहे. पाच वर्षांचे कर्ज ज्या दिवशी पूर्ण फिटते त्या दिवशी सात वर्षांच्या कर्जात सुमारे ४ लाख २३ हजार रुपये शिल्लक असतात. विमाधारित मूल्याच्या तक्त्यानुसार चार ते पाच वर्षांच्या गाडीवर ५० टक्के घसारा धरला जातो. म्हणजे निम्मी उरलेली वस्तू आणि तिच्यावरील एक तृतीयांशाहून अधिक कर्ज, अशा अवस्थेत ते कुटुंब नव्या गरजांना सामोरे जाते. आणि मुलांचे उच्च शिक्षण बरोबर त्याच सुमारास दारात उभे असते. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर मुदत वाढवण्याऐवजी गाडी एक पायरी खाली आणावी, हे बँकेच्या नियतकालिकात लिहिणे कोणास विचित्र वाटेल. पण थकलेल्या हप्त्याने बँकेचे भले होत नाही आणि ग्राहकाचे तर नाहीच.

दुसरा सापळा व्याजाच्या दराचा. पाच टक्के सरळ व्याज अशी जाहिरात दिसली की नऊ टक्के मागणारी बँक लोभी वाटू लागते. बारा लाखांवर पाच टक्के दराने पाच वर्षांचे सरळ व्याज होते तीन लाख रुपये, हप्ता २५,०००. नऊ टक्के घटत्या शिलकीवर हप्ता होता २४,९१०. म्हणजे पाच टक्के हे नऊ टक्क्यांहून महाग! सरळ पद्धतीत फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज चालू राहते, एवढेच त्यामागील गुपित. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार किरकोळ कर्जदाराला मुख्य तथ्यांचे पत्रक द्यावे लागते आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक टक्केवारीचा दर असतो. तुलना करायची ती या एका आकड्याची. मुदतीपूर्वी कर्ज फेडण्याचे शुल्कही आधीच विचारावे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांवर, कारण व्यवसायाचे नसेल तर, असे शुल्क घेता येत नाही. स्थिर दराच्या कर्जाला ही मुभा आपोआप लागू होत नाही, आणि वाहनकर्जे बहुधा स्थिर दराची असतात.

अलीकडे कर्जाला पर्याय म्हणून भाडेपट्टा, म्हणजेच लीज, पुढे केला जातो. आगाऊ रक्कम नाही, विमा-दुरुस्ती भाड्यातच, तीन-चार वर्षांनी गाडी परत करावी आणि नवी घ्यावी, असे त्याचे आकर्षक रूप असते. महिना तीस हजार भाडे ऐकून पंचवीस हजारांच्या हप्त्याशी तुलना करणारा भाड्याला महाग ठरवतो; उलट आगाऊ चार लाख वाचले म्हणून हरखणारा त्याला स्वस्त ठरवतो. दोघांचेही गणित अपुरे आहे. वर घेतलेल्या उदाहरणातील गाडी पाच वर्षांनी सात लाखांना विकली असे धरले, तर मूल्यातील घट नऊ लाख, व्याज २ लाख ९५ हजार, स्वतःच्या चार लाखांवर बुडालेले ठेवीचे व्याज अंदाजे १ लाख २० हजार, विमा व देखभाल अडीच लाख. बेरीज १५ लाख ६५ हजार, म्हणजे पेट्रोल वगळून महिना सुमारे २६,००० रुपये. तीस हजारांच्या सर्वसमावेशक भाड्याशी तुलना करायची ती या २६,००० ची. वरचे चार हजार हे जुनी गाडी विकण्याच्या कटकटीतून सुटण्याचे शुल्क. काहींना ते द्यावेसे वाटेल, त्यात गैर काही नाही. मात्र भाडेपट्ट्याच्या करारात वर्षाचे किलोमीटर ठरलेले असतात, ते ओलांडले की दंड; ओरखड्यांचे पैसे परत करताना कापले जातात; आणि मुदतीआधी बाहेर पडण्याची किंमत बहुधा शेवटच्या पानावर लिहिलेली असते. त्या पानापासून वाचायला सुरुवात करावी. गाडी कंपनीच्या नावावर नोंदली जाणार असेल तर तिला रस्ताकराचा दर कोणता लागतो तेही पाहावे. महाराष्ट्रात तो व्यक्तीच्या दरापेक्षा बराच अधिक आहे, आणि शेवटी तो भाड्यातूनच वसूल होतो.

नोकरी देणाऱ्या संस्थेमार्फत मिळणारा भाडेपट्टा ही वेगळी जात आहे. तेथे भाडे वेतनातून करापूर्वी वजा होते आणि कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात त्याऐवजी नियमाने ठरवलेले अल्प मूल्य मिळवले जाते. आयकर नियम, १९६२ अन्वये हे मूल्य इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर दीर्घकाळ महिना १,८०० रुपये आणि त्यापुढे २,४०० रुपये होते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने चालू आकडा लेखा विभागाकडून घ्यावा. या लेखातील चारही गाड्या १.६ लिटरच्या आत बसतात. वरच्या करटप्प्यातील कर्मचाऱ्याची तीस हजारांच्या भाड्यावर महिना सुमारे आठ हजारांची करबचत होऊ शकते, आणि मग हा भाडेपट्टा कर्जाहून निश्चित स्वस्त ठरतो. पण एक अट विसरली जाते. हे अल्प मूल्य गाडी अंशतः कार्यालयीन कामासाठी वापरली जात असेल तेव्हाचे आहे. निव्वळ घरगुती वापर असेल तर सारा खर्चच करपात्र लाभ ठरतो. तपासणीच्या वेळी नोंदवही मागितली गेली की सहज केलेली बचत महाग पडते. नोकरी सोडताना करार नव्या मालकाकडे वर्ग करणे किंवा मोडणे भाग पडते, हे आणखी एक. डॉक्टर, वास्तुविशारद अशा स्वतंत्र व्यावसायिकांना कर्जावरील व्याज आणि १५ टक्के घसारा, किंवा भाड्याची रक्कम, धंद्याच्या वापरापुरती खर्चात दाखवता येते. वस्तू व सेवा कराची वजावट मात्र सामान्यतः अशा प्रवासी मोटारीवर मिळत नाही, मग विक्रेता काहीही सांगो.

बँकेत किंवा अन्य सार्वजनिक संस्थेत काम करणाऱ्यांना सहसा सवलतीच्या दराचे वाहनकर्ज उपलब्ध असते आणि त्यांच्यासाठी बाहेरच्या भाडेपट्ट्याचा विचार क्वचितच फायद्याचा ठरतो. तरी त्या सवलतीलाही कर आहे. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँक अधिकाऱ्यांच्या संघटनांचे म्हणणे फेटाळून, सवलतीचा दर आणि स्टेट बँकेचा दर यांतील फरक हा करपात्र वेतनेतर लाभ आहे हा नियम वैध ठरवला. तेव्हा आपले कर्ज चार टक्क्यांचे की सहा टक्क्यांचे हे सांगताना त्यावरील कर मिळवूनच सांगावे.

बदलीचा प्रश्न याहून मोठा. आज नाशिक, तीन वर्षांनी भोपाळ, पुढे हैदराबाद, असा ज्यांचा सेवाकाल आहे त्यांना गाडीबरोबर नोंदणीही हलवावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. मग ना-हरकत पत्र, नव्या राज्याचा कर आणि जुन्या राज्याकडून उरलेला कर परत मिळवण्याच्या खेपा. पुष्कळांनी तो परतावा सोडून दिलेला असतो. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या बीएच मालिकेने हे ओझे बरेच हलके केले. सरकारी व सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचारी, तसेच ज्यांच्या खासगी आस्थापनेची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत आहेत असे कर्मचारी हा क्रमांक घेऊ शकतात. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदलले तरी क्रमांक तोच. सोळा लाखांच्या गाडीवर महाराष्ट्रात पहिल्याच दिवशी जवळजवळ दीड-दोन लाख भरण्याऐवजी ही रक्कम वर्षांवर विभागली जाते, म्हणजे कर्जही तेवढे लहान घेता येते. ही सोय व्यक्तीच्या नावावरील खासगी गाडीसाठी आहे. बदलीच्या नोकरीत असलेल्याने भाडेपट्टा आणि मालकी यांची तुलना करताना हा एक मुद्दा बाकी अनेक मुद्द्यांपेक्षा जड मानावा. मात्र मुदतीत कर भरण्याची आठवण स्वतःच ठेवावी लागते आणि अशी गाडी पुढे बीएचला पात्र नसलेल्या माणसाला विकताना राज्याच्या क्रमांकात आणावी लागते.

तीन वर्षे वापरलेली सेडान हाही विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. लोकांची आवड उंच गाड्यांकडे झुकल्याने चांगल्या राखलेल्या सेडानला घासाघीस करता येते आणि पहिल्या मालकाने मूल्यातील मोठी घट सोसलेली असते. तेथे पाहायचे ते सेवा-नोंदी, विम्याच्या दाव्यांचा इतिहास, आणि गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला अनुकूल आहे की नाही हे. एप्रिल २०२३ पूर्वी बनलेल्या गाड्यांच्या बाबतीत उत्पादकाची पुस्तिका उघडून ते वाचावे. नोंदणीपत्रावर कोणाचा बोजा शिल्लक आहे का, हे तर सर्वांत आधी. कारण कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरतो अशी अनेकांची समजूत असते. शेवटचा हप्ता गेल्यावर बँकेकडून ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन तो परिवहन कार्यालयात मुदतीत सादर करावा लागतो, आणि विमा कंपनीलाही पॉलिसीवरील बँकेचे नाव काढण्यास कळवावे लागते. शाखेत अशी पत्रे वर्षानुवर्षे फायलीत पडून राहिलेली असतात. गाडीचे मालक येतात ते गाडी विकायला काढल्यावर, ग्राहक दारात उभा असताना.